शववाहिकेला कसली घाई?

“मॅडम, हे बघा. आता मेलेल्यांनाही घाई झालीय!”

कारकुनाने फोटो टेबलावर ठेवला आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला. मॅडम हसल्या नाहीत. चहा होण्याआधी त्या कुणाच्याच विनोदाला हसत नसत, आणि चहा झाल्यावरही फार काही फरक पडायचा अशातला भाग नव्हता.

फोटो हमरस्त्यावरच्या स्पीड कॅमेऱ्याने समोरून काढलेला होता. पांढरी व्हॅन. काचेवर काळ्या अक्षरांत ‘शववाहिका’. टपावर पिवळा दिवा, पेटलेला. स्टिअरिंगमागे एक वयस्क ड्रायव्हर, शेजारची सीट रिकामी. मागे डाव्या हाताला पेट्रोल पंप. आणि खाली कॅमेऱ्याने छापलेला वेग, सत्त्याण्णव.

वेगाच्या दंडावर ज्यांना हरकत घ्यायची असेल, त्यांची सुनावणी मॅडम करत. बायको बाळंत होत होती, ब्रेक लागला नाही, कॅमेरा खोटा आहे, गाडी माझी पण हात माझा नाही... सगळ्या सबबी त्यांनी ऐकलेल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. एखादा खरं बोलणारा आला, तर त्यालाही त्यांच्यासमोर घाम फुटायचा.

“बोलवा,” मॅडम म्हणाल्या.

आत आली ती एक मुलगी. शिवणाच्या कारखान्यातून तशीच उठून आलेली असावी. बाहीला निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते.

“हरकत कुणाची?”

“माझ्या बाबांची.”

“मग बाबा कुठे आहेत?”

“बाहेर बाकावर बसलेत. आत यायलाच तयार नाहीत. अर्जावर सहीसुद्धा मी मागे लागून लागून घेतली.”

“हरकत काय आहे?”

मुलीने घोकून आणलं होतं, ते एका दमात सांगितलं. “त्या रस्त्यावर बोर्ड आहे, शंभरचा. बाबा सत्त्याण्णवने गेले. म्हणजे कमीच. मग दंड कसला?”

“तो बोर्ड मोटारींसाठी. व्हॅनला तिथे ऐंशीची मर्यादा आहे. मागे सीट नसलेली व्हॅन म्हणजे मालवाहू गाडी.”

“माल? अहो, आत माणूस असतो!”

“मेलेला. कायद्याच्या लेखी तो माल.” बोलून झाल्यावर मॅडमना स्वतःचंच वाक्य आवडलं नाही. “आत जिवंत पेशंट असता आणि गाडी दवाखान्याकडे निघाली असती, तर वेगाची सूट होती. शववाहिकेत पेशंट कुठून येणार?”

मुलीने बाहीवरचा एक दोरा उपटला. मग खालच्या आवाजात म्हणाली, “मॅडम, एवढ्या वेगाला व्हॅनचं लायसन्सच रद्द होतं. या वयात नवीन कोण देणार? आणि आमची खोली नोकरीबरोबर मिळालेली आहे. लायसन्स गेलं की नोकरी गेली, नोकरी गेली की खोली. आई नाही. आम्ही दोघंच आहोत. जायचं कुठे?”

“हे गाडी पळवताना सुचायला हवं होतं.”

“तेच तर! बाबा गाडी पळवतच नाहीत. सगळे त्यांना कासव म्हणतात. काटा कधी पन्नासच्या वर गेला नाही. म्हणतात, आतल्या माणसाला शेवटच्या वेळी तरी धक्का बसता कामा नये. इतके नियमाचे, की आतला माणूस उतरवला की आधी टपावरचा दिवा बंद करतात आणि मगच पाणी पितात. असा माणूस सत्त्याण्णवने जाईल?”

“गोगलगाय आणि पोटात पाय,” कारकून पुटपुटला.

“तुम्हाला विचारलंय का?” मुलगी फणकारली.

मॅडमना ती तिथे जरा आवडली. त्यांनी फोटो पुन्हा जवळ ओढला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग कारकुनाला म्हणाल्या, “बापाला आत आणा. उचलून आणावं लागलं तरी चालेल.”

ड्रायव्हर आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, नाकासमोर चालणारा माणूस. बसा म्हटल्यावरही तो बसला नाही.

“गाडी तुम्हीच चालवत होता?”

“हो.”

“कुठून कुठे?”

“स्मशानातून गावाकडे. काम झालं होतं. गाडी रिकामी होती.”

“मग एवढी घाई कसली?”

“घरी यायची.”

“बाबा, घरी यायला तुम्हाला कधी घाई असते?” मुलगी म्हणाली.

“तू गप्प बस. मॅडम, चूक माझी आहे. दंड मान्य. लायसन्स घ्या.”

मॅडमच्या आजवरच्या नोकरीत समोर येऊन दंड मागून घेणारा कुणी भेटला नव्हता. त्या मागे रेलल्या.

“शववाहिकेत नातेवाईक कुठे बसतो?”

“माझ्या शेजारी. नेहमी एकच जण. मागे बसायला परवानगी नाही. मागे फक्त थंड पेटी असते.”

“आणि टपावरचा दिवा?”

त्याने पहिल्यांदा मान वर केली.

“काम झालं होतं, गाडी रिकामी होती, असं म्हणता. मग फोटोत दिवा कसा पेटलेला आहे?”

“विसरलो असेन.”

“तुम्ही? आधी दिवा, मग पाणी?”

ड्रायव्हर ‘विसरलो, विसरलो’ एवढंच म्हणत राहिला. मॅडमनी गोड बोलून पाहिलं, आवाज चढवून पाहिला. कारकुनाने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने तो न पिताच टेबलावर ठेवला.

“सुनावणी तहकूब,” मॅडम म्हणाल्या.

कारकुनाला आश्चर्य वाटलं. “मॅडम, माणूस दंड कबूल करतोय. लावा आणि मोकळ्या व्हा की!”

“खोटं बोलून दंड चुकवणारे रोज येतात. खोटं बोलून दंड ओढवून घेणारा पहिलाच बघतेय. का, ते कळल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी मॅडम स्मशानात गेल्या. भट्टीवाला एका कोपऱ्यात खुर्ची टाकून संत्रं सोलत बसला होता. जिवंत माणसाशी बोलायची संधी त्याला कमीच मिळत असावी. एक प्रश्न विचारला की तो चार उत्तरं द्यायचा.

“कासव? देवमाणूस! हळू येतो, पण उशिरा कधी नाही. आधीच निघतो ना. फक्त त्या दिवशी घोटाळा झाला.”

“कुठल्या दिवशी?”

“चष्मेवाल्याची आई आणली त्या दिवशी. बाजारातला चष्म्याचा दुकानदार हो. मी भट्टी तापवून ठेवलेली आणि ह्यांचा पत्ताच नाही. मागच्या नंबरच्या मयताचे लोक खोळंबले, मलाच बोलायला लागले. मी काय करू? मेलेला माणूस खिशात घालून आणू?”

“मग आले ना?”

“आले. पण कासव खाली उतरेना. स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेला. नाहीतर तो नेहमी स्वतः पेटी उघडतो, हात जोडतो. त्या दिवशी सगळं मलाच करावं लागलं.”

“चष्मेवाला कुठे बसला होता?”

“मागे! मागच्या दारातून उतरला तो. मी विचारलं, मागे कसे बसलात? तर म्हणाला, आईजवळ बसावंसं वाटलं. आता अशा वेळी कुठे नियम सांगत बसायचं.”

“पेटी बंद होती?”

“बंद म्हणजे काय, कडी लावलेली. झाकण उचललं तर गार वाफ अंगावर आली. कासवाची पेटी एक नंबर. दुसऱ्या गाडीचं मशीन नुसतंच घरघरतं. उन्हाळ्यात फार पंचाईत होते.”

“म्हातारीचा चेहरा बघितला तुम्ही?”

“कापड होतं. मी बघत नसतो, मॅडम. बघायला लागलो तर हे काम होणार नाही.” त्याने संत्र्याची फोड पुढे केली. मॅडमना ती घेववली नाही.

तिथून त्या डॉक्टरकडे गेल्या. दवाखाना गच्च भरलेला. डॉक्टर मान वर न करता बोलत होता.

“चष्मेवाल्याच्या आईचा मृत्यूचा दाखला तुम्ही दिलात?”

“हो. सकाळी घरी जाऊन.”

“नाडी बघितलीत?”

“बाई, ती किती वर्षं अंथरुणावर होती तुम्हाला माहीत आहे? आज जाईल, उद्या जाईल, असं म्हणून सगळे थकले होते.”

“नाडी बघितलीत?”

“मुलगा ढसाढसा रडत होता. अंग गार पडलं होतं.”

“तुम्ही हात लावलात?”

डॉक्टरचं पेन थांबलं. “मुलगा म्हणाला गार पडलंय,” तो म्हणाला. मग एकदम आवाज चढला. “तुमचं खातं वाहतुकीचं ना? मग सिग्नल सांभाळा. पुढचा पेशंट!”

खाई त्याला खवखवे. मॅडम बाहेर आल्या आणि पायरीवर थोडा वेळ उभ्या राहिल्या. दंडाची एक पावती, आणि तिच्याखालून हे काय निघायला लागलं होतं! आपण कशाला हात घातला, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

ड्रायव्हर गॅरेजमध्ये व्हॅन धूत होता. आधीच स्वच्छ असलेली गाडी तो पुन्हा धूत होता. मॅडमनी प्रस्तावना केली नाही.

“तुम्ही स्मशानाकडून दवाखान्याकडे निघाला होता. दिवा पेटलेला, म्हणजे आत म्हातारी होती. शेजारची सीट रिकामी, म्हणजे चष्मेवाला मागे होता, तिच्याजवळ. शववाहिका प्रेत घेऊन उलटी कधी वळते? एकच कारण असू शकतं. ती जिवंत होती.”

पाण्याची नळी त्याच्या हातातून सुटली आणि जमिनीवर वळवळत राहिली. त्याने ती बंद केली नाही. मॅडमनीच जाऊन नळ बंद केला.

“आतून ठोकल्याचा आवाज आला,” तो म्हणाला. “स्मशानाच्या वळणाजवळ आलो होतो. आधी वाटलं, काहीतरी सुटलंय. थांबलो, मागे जाऊन झाकण उघडलं. म्हातारीचे डोळे उघडे. ओठ हलत होते. इतकी वर्षं माणसं नेतोय, पण असं... मी मशीन बंद केलं, झाकण सताड उघडं ठेवलं. चष्मेवाल्याला म्हटलं, तुम्ही इथेच बसा, हात चोळत राहा, मी दवाखान्यात नेतो. आणि निघालो. दिवा तसाच राहिला. मला काय सुचत होतं!”

“मग?”

“पुलाच्या अलीकडे चष्मेवाल्याने मागून पत्रा वाजवला. म्हणाला, गेली. आता वळवा.”

“तुम्ही मागे जाऊन बघितलंत?”

“काय तोंडाने बघू? मला गाडी पळवायची सवयच नाही, मॅडम. ट्रक आला की पाय आपोआप ब्रेकवर जायचा. दुसरा कुणी असता तर वेळेत पोचला असता. कासव म्हणतात ना मला? मी हळू गेलो म्हणून ती गेली. आणि सरकार म्हणतं, जोरात गेलो म्हणून दंड!” तो हसायला गेला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. “म्हणून म्हटलं, कसलाही असो, दंड होऊ दे. काहीतरी शिक्षा होऊ दे.”

“हे मुलीला सांगितलंत?”

“ती रात्रीची जेवेल का मग?”

मॅडमनी ताबडतोब सांगितलं, “उद्या सुनावणीला या. चष्मेवाला तुमचा साक्षीदार. आई गाडीत जिवंत होती, एवढं एकच वाक्य त्याने म्हटलं की तुमची गाडी मालवाहू राहत नाही. पेशंट नेणारी होते. दंड रद्द, लायसन्स तुमचं.”

ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमच्या मनात मात्र भट्टीवाल्याचं एक वाक्य सलत होतं. ते त्यांनी त्याला सांगितलं नाही. सांगितलं ओळखीच्या एका पोलीस अधिकाऱ्याला, फोनवर.

पलीकडून मोठा सुस्कारा आला. “मॅडम, तुमचं डोकं चालतं, मान्य. पण दाखल्यावर काय लिहिलंय? बाई सकाळीच मेली. मेलेल्याचा खून होत नाही. डॉक्टर दाखला मागे घेईल? आणि तपासायला काय आहे, राख?”

“मग काय करू?”

“काही नाही. दंडाच्या पावत्या बघा.”

सुनावणीला चष्मेवाला वेळेवर आला. पन्नाशीचा, सभ्य, थकलेला माणूस. हातरुमालाने चष्म्याची काच पुसत तो बसला. समोर ड्रायव्हर आणि त्याची मुलगी. मुलीला बापाने सकाळीच सगळं सांगितलं असावं. डोळे सुजलेले होते, पण चेहऱ्यावर आशा होती, आणि तीच मॅडमना बघवत नव्हती.

“तुमची आई गाडीत जिवंत होती?”

“नाही,” चष्मेवाला म्हणाला. “दाखला आहे ना.”

मुलगी ताडकन उठली. “अहो, खोटं कशाला बोलता? बाबांनी तुमच्या आईसाठी जिवाचा आटापिटा केला! एक वाक्य बोला, आमचं घर वाचेल!”

“ड्रायव्हरना भास झाला असेल. मलाही क्षणभर झाला होता. म्हणून गाडी वळवली. माझ्या मनात त्यांच्याविषयी काही नाही.”

“बस, बाळ,” मॅडम म्हणाल्या. त्या कुणाला बाळ म्हणत नसत. कारकुनाने चमकून पाहिलं. “तो का बोलणार नाही, ते मी सांगते.”

त्यांनी फोटो टेबलाच्या मधोमध ठेवला.

“हा फोटो नसता तर हे कुणालाच कळलं नसतं. दिवा सांगतो की म्हातारी आत होती. रिकामी सीट सांगते की मुलगा मागे होता. पंप डाव्या हाताला, म्हणजे गाडी स्मशानाकडे नाही, उलट दवाखान्याकडे चालली होती. इथपर्यंत मुलगा निर्दोष आहे. सकाळी त्याला आई खरंच गेली असं वाटलं होतं. तेव्हाचं रडणं खरं होतं. आळशी होता तो डॉक्टर, हात न लावताच दाखला लिहून गेला.”

चष्मेवाला काच पुसत राहिला.

“मग पेटीतून आवाज आला. ड्रायव्हरने मशीन बंद केलं आणि झाकण उघडं ठेवलं. मशीनचं बटण कुठे असतं?”

“मागे. पेटीच्या बाजूला,” ड्रायव्हर म्हणाला.

“पुढून चालू करता येतं?”

“नाही.”

“गाडी स्मशानात पोचली तेव्हा तुम्ही खाली उतरलात?”

“नाही. माझ्याने उतरवेना.”

“म्हणून तुम्ही पेटी बघितली नाहीत. भट्टीवाल्याने बघितली. झाकण बंद होतं. बाहेरून कडी लावलेली होती. आणि उघडल्यावर गार वाफ आली. बंद केलेल्या मशीनची वाफ येत नाही. उघड्या पेटीत गारवा राहत नाही. तुम्ही पुढे जीव तोडून गाडी पळवत होता, आणि मागे कुणीतरी झाकण लावलं, कडी घातली, मशीन चालू केलं. मागे एकच माणूस होता.”

कारकून लिहायचं थांबला होता.

“आईला आणखी एकदा घरी न्यायचं, पुन्हा ते अंथरूण, पुन्हा ती रात्रंदिवसाची सेवा,” मॅडम म्हणाल्या. “सकाळी तुम्ही सुटला होता. सगळ्यांना कळवून झालं होतं, रडूनही झालं होतं. आणि ती परत आली. बरोबर?”

चष्मेवाल्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. त्याचा आवाज अगदी साधा होता.

“मॅडम, तुमच्या घरी कुणी अंथरुणावर आहे? नाही ना? ज्याचं जळतं त्याला कळतं.” मग तो म्हणाला, “थंडीत म्हणे माणसाला झोप येते. दुखत नाही.”

“हे लिहून घेऊ?”

“लिहा. मी सही करणार नाही.” तो उठला. ड्रायव्हरसमोर क्षणभर थांबला. दार नीट लावून निघून गेला. त्याला अडवण्यासारखा कुठलाही कागद मॅडमजवळ नव्हता, आणि पोलिसांनी तर आधीच हात वर केले होते.

मॅडमनी कोरा कागद ड्रायव्हरपुढे सरकवला. नियमांत हे बसत नव्हतं. नोकरीत पहिल्यांदाच त्या नियम वाकवत होत्या, आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

“त्याची साक्ष गेली खड्ड्यात. तुम्ही स्वतः लिहा. आवाज आला, झाकण उघडलं, दवाखान्याकडे निघालो, मग वळलो, स्मशानात पोचलो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जसं झालं तसं. तुमच्या एकट्याच्या जबाबावर मी दंड रद्द करते. वरून विचारलं तर मी बघून घेईन. आणि एक ऐका. ती तुमच्या हळू जाण्याने गेली नाही. तुमचा काही दोष नाही.”

“ऐकलंत ना बाबा?” मुलगी रडत हसत म्हणाली. “तुमचा काही दोष नाही! लिहा.”

ड्रायव्हर लिहू लागला. शाळेतल्या मुलासारखं, अक्षर न् अक्षर कोरून. आवाज आला, ते लिहिलं. झाकण उघडलं, ते लिहिलं. पुलाच्या अलीकडे वळलो, तेही लिहिलं. मग पेन थांबलं.

“काय झालं?” मॅडमनी विचारलं.

“परत येताना,” तो म्हणाला.

“परत येताना काय?”

“पुन्हा ठोकल्याचा आवाज आला होता.”

मुलगी हसायची थांबली.

“मी ओरडून विचारलं, साहेब, आवाज कसला? ते म्हणाले, मीच आहे, मीच. तुम्ही चला. मला वाटलं, बिचारे दुःखाने डोकं आपटतायत. मी म्हटलं, रडून घेऊ दे त्यांना.” त्याने मॅडमकडे पाहिलं. “मी थांबलो नाही. बराच वेळ येत होता आवाज. मग बंद झाला. मला वाटलं, बरं झालं, शांत झाले.”

मॅडमनी टेबलावरचा फोटो उलटा करून ठेवला. त्याचं ओझं उतरवायला म्हणून त्यांनी सगळं उलगडून सांगितलं होतं. न सांगितलं असतं तर तो निदान हळू चालवल्याच्या दुःखात राहिला असता.

“बाबा, तेवढं नका लिहू,” मुलगी घाईघाईने म्हणाली. “वळलो, एवढ्यावर सही करा. मॅडम, चालेल ना एवढं? सांगा ना त्यांना!”

“चालेल,” मॅडम म्हणाल्या.

त्याने कागदाची घडी घातली, पुन्हा घडी घातली, आणि खिशात ठेवला. त्याच खिशातून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं.

“बाबा, खोली खाली करावी लागेल. आपण जायचं कुठे?”

“जाताना इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नसतं,” तो तिला समजावून सांगावं तसं म्हणाला. “पण येताना मी चाळीसवर होतो गं. काचा बंद होत्या. सगळं ऐकू येत होतं.”

मॅडमनी अर्ज ओढला आणि त्यावर ‘नामंजूर’ लिहिलं. मुलगी बापाचा दंड धरून त्याला उठवायला लागली, आणि कारकून दुसऱ्या बाजूने मदतीला गेला.